मिरानबाईंच्या नोट्स

सासूबाईंकडे वर्षाची किमची घालून मिरान रविवारी दुपारी घरी परतली, तेव्हा तिच्या बोटांची नुसती आग होत होती. दोन दिवस मिठाच्या पाण्यातून कोबी उपसायचे, लसूण-आलं वाटायचं, लाल तिखटाचा मसाला पानापानात चोपडायचा. कंबरेचा पार काटा ढिला झाला होता. नोव्हेंबर सरता सरता दर वर्षी हेच. देसिक, म्हणजे तिचा नवरा, याही वर्षी आला नव्हता. त्याची पाठ नेमकी शुक्रवारी संध्याकाळी धरायची आणि सोमवारी सकाळी सुटायची, हे आता त्याच्या आईच्याही अंगवळणी पडलं होतं.

दार उघडायला मात्र तो छान ताठ आला.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"आधी डबा घ्या हातातला. खांदे निखळले माझे."

त्याने डबा घेतला, बाल्कनीतल्या किमचीच्या फ्रिजपाशी नेऊन ठेवला आणि तिला हाताला धरून टेबलाकडे नेलं. टेबलावर तिचा नवा लॅपटॉप मिटून ठेवलेला होता. घेतल्यापासून तो खोक्यातच पडून होता, कारण खोकं उघडायला मिरानला सवड नव्हती.

"सगळं लावून दिलं," देसिक म्हणाला. "जुन्या लॅपटॉपमधलं सगळं क्लाउडवर चढवलं आणि यात उतरवलं. आता घरी उघड, क्लासमध्ये उघड, मोबाइलवर उघड. सगळीकडे तेच दिसणार. सिंक म्हणतात याला."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, परीक्षा झाल्यावर बघू. तुझ्या परीक्षा कधी संपल्यात का?"

हे काही खोटं नव्हतं. वोंजू शहरात, तळलेल्या चिकनच्या एका दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर, ग्वाक मिरानचा कोरियन भाषा-साहित्याचा क्लास होता. आसपासच्या शाळांतली मुलं शाळा सुटली की तिच्याकडे यायची. इतकी वर्षं क्लास टिकला तो तिच्या नोट्सवर. कुठल्या शाळेतला कुठला शिक्षक कवितेच्या कुठल्या ओळीवर प्रश्न काढतो, मुलींच्या शाळेतल्या चोबाई व्याकरणात कुठे पाय अडकवतात, कुठल्या उताऱ्यावर पाचही पर्याय बरोबर वाटतात, हे सगळं तिने दर सत्रात शिक्षकागणिक, धड्यागणिक लिहून ठेवलेलं होतं. क्लासचं भाडं भरलं जायचं ते या नोट्सच्या जिवावर. वर्गातली बाकं काय, कुठेही मिळतात.

तिने लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर तिचे फोल्डर ओळीने उभे होते. शाळांची नावं, इयत्ता, वर्षं, सगळं जसंच्या तसं. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. माणूस पाठीचं नाटक करतो, पण घरी बसून निदान काहीतरी केलंन, असंही मनात आलं. तिने मुलींच्या शाळेचा फोल्डर उघडून एका फाइलवर बोट टेकवलं. फाइल उघडेना. एक चकती गरगरत राहिली आणि मग खाली पाटी आली की ही फाइल सध्या उपलब्ध नाही.

"इंटरनेट आत्ता जोडलं जातंय," देसिक म्हणाला. "थांब जरा. घाई नको."

ती थांबली. आणि तिच्या डोळ्यांदेखत फाइल्स जायला लागल्या. वरून एक गेली, मग तिच्याखालची, मग चार एकदम. ताटावर बसलेल्या चिमण्या उडाव्यात तशा. फोल्डर मोकळा झाला, मग फोल्डरच गेला. मग शेजारचा.

"अहो! अहो, हे काय होतंय?"

"काहीतरी करतंय ते. त्याचं त्याला करू दे."

"जातायत ना पण! कुठे जातायत?"

देसिकने वाकून पाहिलं. त्याच्या पाठीचं काही नाव नव्हतं, पण तोंडावरचा रंग मात्र उडाला. "थांब," तो म्हणाला, "थांब, थांब," आणि लॅपटॉपच्या झाकणावर हात आपटून त्याने ते मिटलं. परत उघडलं तेव्हा स्क्रीनवर डोंगराचं एक सुंदर चित्र होतं आणि बाकी काही नव्हतं.

मग झडती सुरू झाली. देसिक जिल्हा कचेरीत हिशेब खात्यात होता आणि त्याचा स्वभाव आवरासावर करण्याचा होता. घरात एक वस्तू दोनदा दिसली की त्याच्या जिवाला चैन पडत नसे. शनिवारी त्याने सगळं क्लाउडवर चढवलं. नव्या लॅपटॉपवर फाइल्सची नावं दिसली, तेव्हा त्याने समजूत करून घेतली की फाइल्स उतरल्या. उतरली होती ती फक्त नावं. फाइल्स वरच होत्या, मागितल्यावर खाली येण्यासाठी. रविवारी सकाळी क्लाउडवाल्यांचा मेल आला की तुमची जागा भरत आली, जास्त हवी तर महिन्याचे पैसे भरा. देसिकने आपल्या कॉम्प्युटरवरून पाहिलं तर तिथे तिच्याच फाइल्स पडलेल्या.

"मला वाटलं, लॅपटॉपमध्ये आहेत ना, मग वर कशाला? उगाच दुहेरी," तो म्हणाला.

"म्हणून?"

"म्हणून वरच्या काढल्या."

"कचराकुंडीत असतील मग. तिथून परत घ्या."

देसिक टेबलावरची धूळ बोटाने पुसू लागला.

"अहो, कचराकुंडीत असतील ना?"

"कुंडी रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नव्हती."

मिरान खुर्चीत बसली. बोटांना मसाल्याचा वास होता, म्हणून डोकंही धरता येईना. "जुना लॅपटॉप आणा," ती म्हणाली.

जुना लॅपटॉप शनिवारी दुपारीच सोसायटीच्या गेटापाशी, जुन्या विजेच्या वस्तू नेणाऱ्या गाडीत गेला होता.

"तसाच दिलात? आतलं सगळं असेल ना अजून? गाडी शोधता येईल."

"तसाच कसा देईन? मी काय वेडा आहे?" देसिक दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "आधी तीनदा पुसून घेतला. हल्ली माहितीच्या चोऱ्या किती होतात, वाचतेस ना."

शेवटचा आधार म्हणून तिने ड्रॉवर ओढला. तिचे पेन ड्राइव्ह एका छोट्या डबीत शिस्तीत लावून ठेवलेले होते. ही डबी याआधी घरात नव्हती. तिने डबीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"त्यातलंही सगळं मी वर चढवलं होतं," तो म्हणाला. "मग ते मोकळे करून ठेवले. तुला पुढे उपयोगी पडतील."

या माणसाने एकसुद्धा वाट उघडी ठेवली नव्हती. एरवी बल्ब बदलायला सांगितला तर दोन आठवडे लावणारा माणूस, पण नको त्या कामात असा काही पक्का की चोरांनी शिकवणी लावावी.

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने होतात हो?" मिरान म्हणाली. "माझ्या की चोरांच्या?"

सोमवारी तिने क्लाउड कंपनीला विचारलं. फोन कोणी उचलत नव्हतं, लेखी बोलावं लागे. पलीकडून उत्तर यायचं, 'आपली अडचण आम्ही समजू शकतो.' मग काही वेळाने, 'कायमच्या काढलेल्या फाइल्स परत आणता येत नाहीत.' तिने लिहिलं की फाइल्स मी काढलेल्या नाहीत, नवऱ्याने काढल्या. पलीकडून आलं की आपल्या खात्यातून काढल्या गेल्या आहेत. तिने लिहिलं की खातं माझं असलं तरी डोकं त्याचं होतं. यावर उत्तर म्हणून पाच चांदण्या आल्या, आमच्या सेवेला किती चांदण्या द्याल? मिरानने एकही न देता मोबाइल गादीवर आपटला. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने नव्या लॅपटॉपमध्ये डोकावून सांगितलं, यात कधी काही आलंच नव्हतं, तर मी काढू काय?

संध्याकाळी वर्गात तिने पाठ म्हणून शिकवलं. कविता पाठ होत्या, धडे पाठ होते. पण प्रश्नांचे पर्याय काही आठवेनात. चुकीचा पर्याय बरोबर वाटावा अशा बेताने लिहिणं हेच तर खरं काम, ते काय असं उभ्या उभ्या सुचतं? सत्र परीक्षा तोंडावर आलेली. कपाटात या सत्राचे छापील कागद होते, त्यांवर मुलांनी मांजरं काढून ठेवलेली. मागचं काही नाही.

"बाई, मुलींच्या शाळेचा जुना प्रश्नसंच कधी देणार?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"देते," मिरान म्हणाली. "छपाईला गेलाय."

मंगळवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर देसिक भातात चमचा फिरवत बसला होता. दोन दिवस तो घरात पाय न वाजवता फिरत होता. भांडी घासत होता, न सांगता.

"एक सुचलंय," तो म्हणाला. "रागावणार नसशील तर सांगतो."

"तुम्हाला सुचलं की मला धडकी भरते."

"ती युनसोल होती बघ तुझ्याकडे. ती नोट्स चोरून घेऊन गेली म्हणायचीस ना तू? मग तिच्याकडे असतील की."

मिरानने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. युनसोल, आडनाव हा, तिच्याकडे पाच वर्षं मदतनीस होती. हुशार, कमी बोलणारी. मग एक दिवस नोकरी सोडली आणि चौकापलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या वर स्वतःचा क्लास काढला. पुढे एकदा तिकडून इकडे आलेल्या एका मुलाच्या वहीत मिरानला एक कागद सापडला. सातव्या प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर होती. ती चूक मिरानची स्वतःची, घाईत झालेली. चूक तिकडे पोचली म्हणजे नोट्सही पोचल्या. मिरान तडक गेली आणि सगळ्यांदेखत तिला चोर म्हणाली. युनसोल शांतपणे म्हणाली, "बाई, कविता एकच, शाळा एकच, प्रश्नही सारखेच पडणार." तेव्हापासून दोघी सिग्नलला समोरासमोर आल्या की मोबाइलमध्ये बघायच्या.

"तिच्याकडे जाऊ मी? तोंड वर करून?" मिरान म्हणाली. "आणि काय म्हणू? माझ्याकडची चोरी जरा परत देतेस का?"

"हो, तसंच काहीसं," देसिक म्हणाला.

ती त्याला खूप बोलली. त्याच्या पाठीपासून सुरुवात करून लग्नाच्या वर्षापर्यंत मागे गेली. मग अंघोळ केली, चांगला कोट घातला आणि नव्या किमचीचा एक डबा भरून घेतला. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसलं नसतं. आणि अडलेल्या माणसाला निवड थोडीच असते.

दुपारी मुलं शाळेत असतात, तेव्हा क्लास रिकामे असतात. युनसोल एकटीच बाकं पुसत होती. दारात मिरानला पाहून तिने फडकं खाली ठेवलं, पण बसा म्हणाली नाही.

"किमची आणलीय," मिरान म्हणाली. "सासूबाईंकडची."

"कशासाठी?"

मिरानने सगळं सांगितलं. क्लाउड, नावं आणि फाइल्स, कुंडी, गाडी, डबीतले पेन ड्राइव्ह. सांगता सांगता तिला नव्याने इतका संताप आला की आवाज चढला. गोष्ट डबीपाशी आली तेव्हा युनसोलच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण तिने तो सावरला.

"वाईट झालं," ती म्हणाली. "पण माझ्याकडे काही नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

"तेव्हा तू खोटं बोललीस."

"मग खोटारड्या बाईकडे कशाला आलात?"

"अगं, खोटं बोलली असशील अशी आशा आहे म्हणून आले!" मिरान म्हणाली. "तू तेव्हा खरं बोलली असशील तर मी मेले."

युनसोलने टेबल मोकळं केलं. मग म्हणाली, "मोबाइल टेबलावर ठेवा."

"का?"

"आवाज भरून घेत असाल तर? मी हो म्हणायचं आणि उद्या तुमचा वकील दारात."

मिरानने पर्स उलटी केली. मोबाइल, किल्ल्या, बोटांना लावायचं मलम, खोकल्याच्या गोळ्या. मोबाइल बंद करून दाखवला. "मला कुठल्या कोर्टात जायचंय? मला मुलींच्या शाळेचा प्रश्नसंच हवाय. परवा वर्ग आहे."

युनसोलने दार लावून घेतलं आणि मग बसली. "आहेत," ती म्हणाली.

"चोर कुठली," मिरान म्हणाली, पण इतक्या सुटल्यासारख्या आवाजात की शिवीसुद्धा आशीर्वादासारखी ऐकू आली.

"चोर नाही. बाई, एक विचारते. कवितेचे सगळे संच कोणी लिहिले?"

"मी."

"पहिल्या वर्षी तुम्ही. मग तुमचं हाताचं दुखणं सुरू झालं. तुम्ही म्हणालात, युनसोल, या वेळी तू बघ. मग मी बघत राहिले. मुलींच्या शाळेचे चार वर्षांचे संच माझे आहेत. व्याकरणाचे निम्मे माझे. खाली नाव कोणाचं छापायचात?"

नाव क्लासचं छापलं जायचं, आणि क्लासचं नाव ग्वाक मिरान होतं.

"मी तुम्हाला एकदा म्हटलं होतं, माझंही घाला. तुम्ही म्हणालात, मुलं गोंधळतात."

"गोंधळतातच मुलं."

"गोंधळतात ना. मग मी माझे घेऊन आले. त्यात तुमचेही आले, हे खरंय. मी बसून वेगळे केले नाहीत. त्याची चोरी म्हणायची तर म्हणा. मला पगार मिळत होता, तेही धरा हवं तर. पण भरल्या वर्गात मुलांसमोर चोर म्हणालात. त्यातली तीन मुलं दुसऱ्या दिवसापासून आली नाहीत."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मिरानला माफी मागायला हवी हे कळत होतं. पण तोंडातून ती काही निघेना. तिच्या आयुष्यातली माफी मागण्याची सगळी कामं तिने देसिकवर सोडलेली होती. शेवटी ती म्हणाली, "तो सातवा प्रश्न मात्र माझाच होता."

"हो," युनसोल म्हणाली. "तो मी लिहिला असता तर चुकला नसता."

आणि मग तिला हसू आवरेना. मिरानलाही नाही. हसणं थांबलं तशा दोघी पुन्हा अवघडल्या.

युनसोलने आपला कॉम्प्युटर उघडला. सगळं होतं, वर्षावर्षाने लावलेलं. मिरानच्या चुका दुरुस्तही केलेल्या होत्या. मिरान मागे उभी राहून वाचत होती आणि दर दुसऱ्या फाइलला म्हणत होती, "हे तू का बदललंस? हे बरोबर होतं." युनसोल म्हणत होती, "नव्हतं." पण नोकरी सोडल्यानंतरचं काही तिच्याकडे असणं शक्यच नव्हतं. गेली तीन वर्षं गेली ती गेलीच.

"क्लाउडवरून पाठवू?" युनसोलने विचारलं.

"नाव काढू नकोस त्याचं. यात घाल." मिरानने कोटाच्या खिशातून डबीतला एक पेन ड्राइव्ह काढून पुढे केला. तो अगदी कोरा होता.

जाताना युनसोल दारापर्यंत आली. "माझ्या संचांवर माझं नाव घाला. बाकी काही नको."

"बघते," मिरान म्हणाली. मग जिन्यात थांबून, वळून न बघता म्हणाली, "घालते."

घरी देसिक दारातच उभा होता. "दिल्या?"

"दिल्या."

"बघ! म्हटलं नव्हतं?" त्याचा चेहरा असा उजळला की जणू नोट्स त्यानेच शोधून काढल्या. "आण इकडे तो पेन ड्राइव्ह. नीट लावून देतो. या वेळी दोन ठिकाणी..."

"त्याला हात लावलात तर गावी पाठवीन," मिरान म्हणाली. "आईकडे. कोबी धुवायला."

बुधवारभर ती बसून होती. गेल्या तीन वर्षांचं निम्मं जुन्या विद्यार्थ्यांच्या आयांना फोन करून, रद्दीतून, मोबाइलमधल्या तिरक्या फोटोंतून गोळा केलं. उरलेलं पुन्हा लिहिलं आणि ते आधीच्याइतकं चांगलं झालं नाही, हे तिचं तिलाच दिसत होतं. मुलींच्या शाळेचा संच तेवढा लखलखीत होता. तो छापायला घेतला तेव्हा तिने पानाच्या तळाशी लिहिलं, 'ग्वाक मिरान, हा युनसोल.' खोडलं. पुन्हा लिहिलं. मग नावांचा क्रम बदलून पाहिला, तो मात्र जिवावर आला, म्हणून पहिलाच ठेवला आणि छापायचं बटण दाबलं.

गुरुवारी संच वाटले. पुढच्या बाकावरच्या मुलीने पान उलटून तळाशी पाहिलं.

"बाई, ही हा युनसोल म्हणजे चौकापलीकडच्या क्लासवाल्या ना?"

"हो. प्रश्न पहिला, वाच."

"हा संच त्यांनी लिहिलाय?"

"दोघींनी. वाच म्हटलं ना."

मागून एक मुलगा म्हणाला, "त्यांची फी पण कमी आहे म्हणे."

परीक्षा बऱ्या गेल्या. मुलींच्या शाळेच्या चोबाईंनी नेमका संचातलाच उतारा काढला होता आणि मिरानच्या मुलींना तो अगदी सोपा गेला. जानेवारीत नवीन सत्राची नावं नोंदवायला आया आल्या, तेव्हा कळलं की पुढच्या बाकावरची ती मुलगी आणि तिची मैत्रीण चष्म्याच्या दुकानावरच्या क्लासला गेल्या. मिरानने हे देसिकला सांगितलं. तो भांडी घासत होता.

"मग नाव काढून टाक पुढच्या वेळी," तो म्हणाला.

"तुम्ही नका हो काही काढायला सांगू," मिरान म्हणाली, आणि पुढच्या सत्राचे संच छापायला बसली.